धागा : घरातल्या आजाराबद्दल लोकांना काय सांगायचं? कानबाईच्या सणाला सगळे भाऊबंद येणारेत

अनेरकाठ

नमस्कार. चोपडा तालुक्यातून लिहितेय. रोज वाचते इथे पण धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कॉलेजला असताना सुरू झालं, आधी झोप गेली, मग खिडकीला कागद चिकटवायला लागला, शेजारचे माझ्याबद्दलच बोलताहेत म्हणायचा. ज्यांच्या घरात आहे त्यांना पुढचं माहितीच आहे. आज तो पुष्कळ बरा आहे. सकाळी केळीच्या बागेत जातो, ठिबकचा फिल्टर धुतो, नळी कुठे चोकअप झालीये ते त्याला ओळीतून चालता चालताच कळतं, पाण्याचं वडील त्यालाच विचारतात. आवाज अजून येतात कधी कधी, पण आता तो येऊन सांगतो की ताई आज येताहेत, मग आम्ही दोघं ओट्यावर बसतो थोडा वेळ.

पण गावात त्याला नाव राहिलेलं नाही. मोठी माणसं म्हणतात 'तो डोक्यावर परिणाम झालेला', ट्रॅक्टरवाला लांबूनच ओरडतो 'ओ येडा, बाजूले सरक', आणि ते ऐकून शाळेतली पोरं पण तेच म्हणतात. काका तर त्याच्यासमोर जेवताना म्हणाले, ठाण्याला टाकून या एकदाचं, शॉक देतील, तुम्ही सुटाल. भाऊ खाली बघून जेवत राहिला, पाणी पण मागितलं नाही.

आई कुणाला काही कळू देत नाही. पाहुणे येणार म्हटलं की त्याच्या गोळ्या पाकिटातून काढून बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीत भरते आणि बाटली पिठाच्या डब्यामागे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मावश्या राहायला होत्या, त्या गडबडीत गोळ्या राहून गेल्या आणि पुढे काही आठवड्यांनी त्याची झोप पुन्हा उडाली. कारण एकच, माझं लग्न जमवायचंय. 'त्यांच्या घरात आहे' एवढं एकदा सोयऱ्यांमध्ये पसरलं की स्थळ दारातूनच परत जातं असं आईचं म्हणणं, आणि ते खोटं पण नाही.

आता श्रावणात कानबाई आहे. आमच्याकडे रोटाला, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याला, घरातल्या माणसांच्या नावाने मुठीने गहू घेतात. आई त्याच्या नावाची मूठ घेणार आहे पण त्याला त्या दिवसांत मामाकडे शिरपूरला पाठवायचं म्हणते. म्हणजे गहू त्याच्या नावाचे आणि तो घरात नाही. मला हे अजिबात पटत नाहीये. लोकांना काय सांगायचं, किती सांगायचं, काकांसारख्यांना काय उत्तर द्यायचं, कुणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

पांझराकाठ

ताई, मी धुळ्याची, सिस्टर होते, बरीच वर्षं मनोविकारच्या वॉर्डला काढली, आता रिटायर आहे. लोकांचं नंतर बघू, आधी गोळ्यांचं बोलते. ते पाकिटातून काढून बाटलीत भरणं आजपासून बंद करा. पाकिटावर नाव असतं, पॉवर असते, एक्सपायरी असते, ते गेलं की उद्या तो बाहेरगावी पडला आणि डॉक्टरने विचारलं काय चालू आहे तर कुणालाच सांगता येणार नाही. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर ते ताकदीची गोळी म्हणून त्याच बाटलीतून घेईल, असं झालेलं मी पाहिलंय.

दुसरं म्हणजे या आजारात गोळ्या तुटल्या की लगेच दुसऱ्या दिवशी काही दिसत नाही. काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी उलटतं. त्यामुळे घरच्यांना संबंध लागत नाही, ते म्हणतात गोळ्या चालू असून पण परत झालं म्हणजे गोळीचा उपयोग नाही, आणि मग उरलेली पण बंद करतात. तुमच्या लक्षात आलंय हे फार चांगलं आहे.

काकांना सांगा की सरकारची मोठी मनोरुग्णालयं राज्यात चारच, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, आणि आपल्या खान्देशात एकही नाही. तिथे माणूस 'टाकायचा' नसतो, उपचार झाला की घरी आणायचा असतो. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात तर लिहिलंच आहे की घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला आत ठेवता येणार नाही. आणि शॉक म्हणतात तो आता भूल देऊन, स्नायू सैल करायचं औषध देऊनच देतात, त्याशिवाय द्यायला त्याच कायद्याने बंदी आहे. जो पेशंट खाणंपिणं सोडतो, स्वतःच्याच जिवावर उठतो, त्याला त्याने फार लवकर फरक पडतो. ती शिक्षा नाहीये. तुमच्या भावाला लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील, काका नाही.

कापूसवाला

शुगर बीपीसारखाच आजार आहे म्हणून सांगायचं ना सगळ्यांना. सोप्पं.

जंक्शनवाला

मी भुसावळचा, रेल्वेतून रिटायर. मिसेसला डिप्रेशनचा मोठा आजार होता, महिनोन् महिने उठायची नाही. वेडा म्हणू नका, मनोरुग्ण म्हणा, अमकं म्हणा तमकं म्हणा हे मी पुष्कळ ऐकलं, माझा त्यावर फारसा विश्वास नाही राहिला. गोड बोलणारे नातेवाईक सणाला यायचे, किती सोसता हो म्हणायचे, चहा प्यायचे आणि जायचे. आणि शेजारी एक म्हातारी होती ती हिला तोंडावर 'येडी माय' म्हणायची, पण माझी नाईट असली की तीच हिला जेवायला घालायची, डोकं विंचरून द्यायची, कधी तर अंगावर रागवून आंघोळीला उठवायची. ती गेली तेव्हा मिसेस जेवढी रडली तेवढी स्वतःच्या आईला पण रडली नसेल. तेव्हा अनेरकाठ ताई, लोक काय म्हणतात ते सोडा, कोण येऊन बसतं ते बघा. भावासाठी गावात असं एक जरी माणूस असेल तर त्याला धरून ठेवा.

गिरणाथडी

जंक्शनवाले काका, तुमचं म्हणणं मला मनापासून पटतंय, त्या आजींसारखं माणूस मिळणं नशीब आहे. पण मी दुसऱ्या बाजूने सांगतो कारण मी स्वतः पेशंट आहे. बायपोलर, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी फार खाली जातं. पाचोऱ्याकडे शाळेत शिकवतो, त्यावरची लिथियमची गोळी चालू आहे.

माझा अनुभव असा की तोंडावर येडा म्हटलेलं एक वेळ पचतं, त्याचं उत्तर देता येतं. पचत नाही ते दुसरंच. आमच्या शाळेत पोषण आहाराच्या तांदळाचं वजन कमी भरलं, मी मीटिंगमध्ये आवाज चढवून बोललो, माझ्याकडे वजनाचे कागद होते. एका सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, 'सर आज गोळी घेतली ना?' बस, विषय संपला. सगळ्यांनी मान खाली घातली, तांदळाचं कुणी बोललंच नाही. तेव्हापासून मी हसलो जास्त तरी लोक एकमेकांकडे बघतात आणि चिडलो तरी बघतात. म्हणजे माझा राग पण माझा राहिला नाही, तो आजाराचा झाला. ही गोष्ट काका, कुणी येऊन बसल्याने भरून निघत नाही.

आणि लपवल्याने शरीराला पण धोका होतो. लिथियमवाल्यांनी हे वाचाच. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळीसला जातो, घामाने अंगातलं पाणी-मीठ गेलं की रक्तात लिथियम वाढतं, हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो, वेळेत कळलं नाही तर जिवावर बेततं. जुलाब लागले तरी तेच, आणि दुखण्याच्या काही साध्या गोळ्यांनी पण तेच होतं, म्हणून मेडिकलवरून स्वतःच्या मनाने पेनकिलर आणायची नाही. मला उन्हातली ड्युटी बदलून मागायची होती पण कारण सांगितलं की शाळेत परत तेच सुरू. शेवटी हेडमास्तरांना एकट्याला गाठून सांगितलं, मला एक औषध चालू आहे, त्यात पाणी कमी पडलेलं चालत नाही. एवढंच. आजाराचं नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलं पण नाही, ड्युटी सावलीत मिळाली. तेव्हा किती सांगायचं याचं माझं उत्तर असं की समोरच्याने ज्या गोष्टीसाठी मदत करायचीय तेवढं सांगायचं.

कापूसवाला भाऊ, शुगरसारखं म्हणा हे मी पण करून बघितलं. लोक मान डोलावतात. पण शुगर आहे म्हणून कुणाच्या बोलण्यावरचा विश्वास उडत नाही आणि कुणाच्या बहिणीचं स्थळ परत जात नाही. अमेरिकेत १९९६ आणि २००६ साली लोकांना एकसारखेच प्रश्न विचारून पाहणी झाली होती. त्या दहा वर्षांत हा मेंदूचा आजार आहे असं मानणारे वाढले, डॉक्टरकडे न्यावं म्हणणारे पण वाढले, पण असा माणूस शेजारी नको, घरात सून-जावई म्हणून नको, हे काही कमी झालं नाही. फरक पडतो तो बरं होऊन कामाला लागलेला माणूस लोकांनी जवळून बघितला की. तुमचा भाऊ ठिबक सांभाळतो ना, ते गावाने बघू द्या.

आणि ताई, एक विचारू? या सगळ्यात भावाला कुणी विचारलंय का, त्याच्याबद्दल काय सांगायचं आणि कुणाला ते?

अनेरकाठ

नाही विचारलं. खरंच नाही विचारलं कुणीच. आज संध्याकाळी विचारते.

एरंडोलवाला

सगळ्यांचं वाचलं. वाईट वाटून घेऊ नका पण दुसरी बाजू पण कुणीतरी मांडायला पाहिजे. माझ्या मुलीचं लग्न झालं तेव्हा जावयाला आजार आहे हे आम्हाला सांगितलं नव्हतं. नवीन सुनेला दिसू नये म्हणून सासूने लग्नाच्या आठवड्यातच त्याच्या गोळ्या बंद केल्या. महिनाभरात तो पोरगा रात्र रात्र अंगणात फिरायला लागला, मुलीवर संशय घ्यायला लागला, आणि वर सासरचे तिलाच म्हणतात हिच्या पायगुणाने झालं, घरात आली आणि पोरगं बिघडलं. बावीस वर्षांची पोर माझी, तिला काय माहिती. मी तिला घेऊन आलो तेव्हा तिने विचारलं, बाबा मी काय केलं?

आम्हाला आधी सांगितलं असतं तर आम्ही हो म्हटलं असतं की नाही, मला आज पण सांगता येत नाही. पण गोळी तरी बंद झाली नसती ना. पुढे तोच मुलगा स्वतः आला माझ्याकडे, एकटा, फाईल घेऊन, सगळं उघडून दाखवलं. मुलीने ठरवलं परत जायचं. आता दोघं सुरतला असतात, तो कामाला जातो, गोळीची वेळ मुलगी नाही तो स्वतःच सांभाळतो. मला राग त्या पोराचा कधी नव्हता. लपवणाऱ्यांचा आहे, अजून आहे.

बोरीकाठचा वकील

एरंडोलवाले, तुमच्यासारखी प्रकरणं कोर्टात येतात तेव्हा बहुतेक दोन्ही घरं होरपळलेली असतात. कायद्याचं थोडं सांगतो कारण यावर गावोगाव चुकीचं फिरतंय.

आजार आहे म्हणून लग्न करताच येत नाही असं हिंदू विवाह कायद्यात नाही. संमती देण्याइतकी समज आहे का, आणि आजार असा नि इतका आहे का की संसार आणि मुलंबाळं सांभाळणं शक्य नाही, हे बघितलं जातं. नुसता 'स्किझोफ्रेनिया' असा कागद दाखवला की घटस्फोट मिळतो हा पण गैरसमज, किती तीव्र आहे ते सिद्ध करावं लागतं, सुप्रीम कोर्टाने १९८८ सालीच हे स्पष्ट केलंय. पण महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली तर लग्न रद्द करून मागता येतं, कळल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. फिट येण्याचा आजार तर आधी लग्नाच्या आड येणाऱ्या आजारांत कायद्यातच लिहिलेला होता, १९९९ ला काढला. आपल्याकडे अजून लोक मिरगीवाली मुलगी म्हटलं की कायद्यात बसत नाही म्हणतात, पंचवीस वर्षांच्या वर झाली ते जाऊन.

अनेरकाठ ताई, २०१७ चा कायदा २०१८ च्या मे मध्ये लागू झाला. त्यात एक कलम मला फार मोलाचं वाटतं, की मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून तो माणूस 'अनसाउंड माइंड'चा आहे असं धरता येणार नाही, ते कोर्टाने ठरवल्याशिवाय नाही. गावात वाटणीच्या वेळी 'त्याचं डोकं ठिकाणावर नाही, त्याच्या सहीचं काय' असं म्हणून भावाला बाजूला बसवतात ना, तिथे हे कामाला येतं. सात-बाऱ्यावर त्याचं नाव असेल तर ते तसंच राहील, त्याची सही सही आहे. १९१२ चा जुना कायदा होता त्याच्या तर नावातच ल्युनसी, म्हणजे वेडेपणा, होतं, त्या काळची भाषा तहसीलच्या आणि पोलिसांच्या कागदात मी अजून बघतो.

२०१७ च्याच कायद्यात आणखी एक आहे. त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे, दवाखान्याने पण परस्पर कुणाला सांगायचं नाही. गिरणाथडी सरांनी भावाला विचारा म्हटलंय ते म्हणूनच बरोबर आहे. आणि मेडिक्लेम काढायचा असेल तर मानसिक आजाराला शरीराच्या आजारासारखंच कव्हर द्यायचं बंधन विमा कंपन्यांवर आहे, एजंट नाही म्हणाला तर लेखी मागा.

सातपुडा_पायथा

मी अक्राणीत (धडगाव) शिक्षिका आहे. तुमच्याकडे नाव ठेवतात, आमच्याकडे वर डोंगरात नाव ठेवलं की बाईला गाव सोडावं लागतं. बाई एकटी असेल, रात्री बडबडत असेल, कुणाच्या घरी पोर आजारी पडलं की बोट तिच्याकडे, डाकीण. एकदा तो शब्द चिकटला की तिच्या मुलीला पण चिकटतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात असं म्हणणं, त्यावरून छळणं गुन्हा आहे, भूत काढायच्या नावाखाली बांधून ठेवणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं पण गुन्हा आहे, सहा महिने ते सात वर्षं शिक्षा. पण पोलीस पाटील त्याच पाड्यातला असतो हो, तक्रार करणार कोण?

मला शहरातल्या लोकांना एक सांगायचंय, की भगताकडे जाणारा माणूस अडाणी म्हणून हसू नका. भगत त्याच्या भाषेत बोलतो, त्याला नावाने ओळखतो, अंगणात बसवून तासभर ऐकतो. गुजरातमध्ये उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे, तिथे दवा आणि दुआ दोन्ही एकाच ठिकाणी केलंय, मुजावर लोकच पेशंटला तिथल्या डॉक्टरकडे पाठवतात. आमच्या इथे पण एक भगत मला म्हणाला, बाई मी अंगारा देतो आणि आधी दवाखान्याची गोळी घे म्हणून सांगतो, माझं त्यात काय जातं. एका पोराला त्यानेच खाली पाठवलं, ते पोर आता आश्रमशाळेत परत आलंय.

पांझराकाठ

सातपुडा ताई, भाषेचं अगदी खरं. वॉर्डला एक म्हातारी आली होती साक्रीकडची. डॉक्टर नवीन होते, बाहेरच्या जिल्ह्यातले, त्यांनी विचारलं आजी तुम्हाला काही भास होतात का? म्हातारी म्हणे नही. लिहून टाकलं, भास नाहीत. मग आमच्या मावशीने तिच्याजवळ बसून विचारलं, 'माय, जोडे कोनी नही ऱ्हास तरी कानमा कोनं बोलनं ऐकू येस का तुले?' (जवळ कुणी नसलं तरी कानात कुणाचं बोलणं ऐकू येतं का?) तर म्हणे, 'येस ना, मना धनी बोलस रोज रातले', आणि धनी मरून कितीतरी वर्षं झालेली. सगळी ट्रीटमेंट बदलली. तसंच कुणी मला डिप्रेशन आहे म्हणत येत नाही आपल्याकडे, 'करमत नही', 'आंग जड पडस', 'डोकामा मुंग्या', असंच सांगतात, आणि मग रक्त तपास, सोनोग्राफी, कंबरेचे एक्सरे करत वर्ष निघून जातं. बेंगळुरूच्या निमहान्सने, मानसिक आरोग्याची मोठी सरकारी संस्था आहे ती, २०१५-१६ ला देशाची मोठी पाहणी केली होती, त्यात मोठ्या माणसांत दर शंभरात दहा-अकरा जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार निघाला, आणि आजारानुसार सत्तर ते ब्याण्णव टक्के लोक उपचाराविना. 'त्यांच्या घरात आहे' म्हणणाऱ्यांनी आपल्या भाऊबंदकीतली माणसं एकदा मोजावीत.

आणि अनेरकाठ, तुझ्या लग्नावरून. सख्ख्या भावाला असेल तर तुला होण्याचा धोका साधारण शंभरात नऊ-दहा. इतरांपेक्षा जास्त आहे, खोटं नाही सांगत. पण म्हणजे नव्वदच्या वर भावंडांना होत नाही, आणि सुरू व्हायचं वय बहुतेक विशीच्या आसपासचं, मुलींना थोडं उशिरा. स्थळवाल्यांनी विचारलं तर हा आकडाच सांग. गावातल्या तोंडी हिशोबात शंभरातले शंभर धरलेले असतात.

जंक्शनवाला

गिरणाथडी सर, तांदळाची गोष्ट दोनदा वाचली. मिसेस कधी कधी म्हणायची की तुम्ही मला सारखं 'बरं बरं' म्हणता, माझं ऐकत नाही. मला वाटायचं आजारात बोलतेय. तुमचं वाचून आज ते वाक्य वेगळं ऐकू आलं. शब्दांचं महत्त्व नाही असं मी म्हणालो होतो, ते आता म्हणणार नाही.

अनेरकाठ

सगळ्यांचे खूप खूप आभार, एकेकाला उत्तर द्यायला जमत नाहीये. पांझराकाठ ताई, गोळ्या परत पाकिटात, म्हणजे नवीन पाकिटं आणली आणि ती बाटली फेकून दिली. आता डबा त्याच्या स्वतःच्या फळीवर आहे.

भावाला विचारलं. आधी काहीच बोलला नाही, मग म्हणाला गावात सगळ्यांना माहितीच आहे, फक्त मला माहिती आहे की त्यांना माहिती आहे हेच कुणी बोलत नाही. त्याने स्वतःच ठरवलं. काकांना सांगायचं, आत्याला सांगायचं, बाकी कुणी विचारलं तर 'तब्येतीच्या गोळ्या चालू आहेत' एवढंच. त्याचं नाव घेऊन बोलवायचं हे तो स्वतः ट्रॅक्टरवाल्याला सांगणार म्हणाला, मला मध्ये पडू नको म्हणाला. शिरपूरला जाणार नाही. रोटाला घरात बसणार, पण रात्री गाणी आणि वाजंत्री सुरू झाली की त्याला आवाज वाढतात, तेव्हा तो मागच्या दाराने बागेतल्या पंपाच्या खोलीवर जाऊन झोपणार, सोबत आतेभाऊ, गोळी घेऊनच जायचं. हे मला सुचलंच नसतं. आम्ही सगळे लोक काय म्हणतील यावर भांडत होतो आणि त्याचा प्रश्न लाऊडस्पीकरचा होता.

आई अजून रडतेय, माझ्या लग्नाचं काढून. पण काकांकडे वडील स्वतः गेले होते काल, एवढं तरी झालंय. काका काय म्हणाले ते वडील सांगत नाहीत.

एरंडोलवाले काका, तुमच्या मुलीचं वाचून मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. मला बघायला येतील त्यांना मी आधीच सांगणार आहे, भावाने परवानगी दिलीये.

एरंडोलवाला

सांग बेटा. आणि जे परत जातील त्यांना जाऊ दे.

साक्रीकर_नवीन

माफ करा, धागा दुसरा आहे पण इथे जाणकार दिसले म्हणून विचारतो. बायकोची डिलिव्हरी होऊन आठ दिवस झाले. तीन रात्री ती झोपलेलीच नाही, एकटीच बोलते, बाळ आपलं नाही बदललंय म्हणते, कालपासून बाळाला जवळ घेत नाही. तिची आई म्हणते बाळंतिणीला बाहेरचं लागलंय, अमावस्येपर्यंत थांबू, माणूस बोलावलाय. दवाखान्यात नेलं तर गावात नाव होईल म्हणतात. काय करू?

पांझराकाठ

भाऊ, थांबू नका, आज, आत्ता न्या. हा बाळंतपणानंतरचा मोठा मानसिक आजार असू शकतो, हजार बाळंतिणींमागे एक-दोघींना होतो, पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो आणि ही इमर्जन्सी असते. उपचाराने यातल्या बहुतेक बायका पूर्ण बऱ्या होतात. तिला एकटीला सोडू नका आणि बाळाजवळ सतत दुसरं माणूस पाहिजे, तिच्यावर चिडू नका, बाळ आपलंच आहे म्हणून वाद घालू नका. १०८ ला फोन करा, धुळ्याला सिव्हिलला किंवा मेडिकल कॉलेजला जा. वाटेत १४४१६ वर फोन लावा, टेलिमानसचा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, चोवीस तास. माणूस बोलावलाय त्याला नंतर या म्हणा, सासूबाईंचा मान पण राहील.

साक्रीकर_नवीन

१०८ ला फोन केला, येतेय. सासूबाई पण यायला तयार झाल्या. तिथे डॉक्टरांना काय सांगायचं? मला नीट बोलता येत नाही अशा वेळी.

पांझराकाठ

'येड्यासारखं करते' एवढंच सांगून थांबू नका, त्यातून डॉक्टरला काही कळत नाही. डिलिव्हरी कधी झाली, नॉर्मल की सिझर, किती रात्री झोप नाही, ताप किंवा फिट आली का, अंगावरून जास्त जातंय का, हे सांगा. ती काय बोलते ते तिच्याच शब्दांत सांगा, अहिराणीत बोलत असेल तर अहिराणीतच, बाळाबद्दल काय म्हणते ते तर अजिबात लपवू नका. स्वतःला काही करून घेईन असं म्हणाली असेल तर ते आधी सांगा. पूर्वी तिला किंवा माहेरी कुणाला असा त्रास झाला असेल तर सासूबाईंना बाजूला घेऊन विचारा, गर्दीत त्या सांगणार नाहीत. अंगावर पाजायचं की नाही हे औषध बघून डॉक्टर ठरवतील, तेही विचारून घ्या. डिलिव्हरीचे कागद आणि चालू गोळ्या पाकिटासकट घ्या बरोबर. पोहोचलात की इथे लिहा.

साक्रीकर_नवीन

गाडीत आहे. सासूबाईंनी आत्ताच सांगितलं, त्यांच्या मोठ्या बहिणीला बाळंतपणात असंच झालं होतं. घरात कुणालाच माहिती नव्हतं. हे पण सांगतो डॉक्टरांना.